बाबांना अल्सर: अ‍ॅसिडची गोळी सुरू असताना वरून हे पांढरं सिरप कशासाठी?

रश्मी, मानेवाडा

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहून राहिले.

माझे बाबा ६८ वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते, त्यात गुडघे गेले. यंदा लग्नसराईत धावपळ फार झाली आणि ते चौकातल्या दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून खात होते. घरात कोणाला पत्ता नाही. रात्री दोन-अडीचला पोट दुखून उठायचे, दोन बिस्किटं खाल्ली की शांत व्हायचं. मग एक दिवस संडासला काळंकुट्ट, चिकट झालं आणि बाहेर येताना चक्कर येऊन पडले. धंतोलीत भरती केलं. हिमोग्लोबिन ८.१ निघालं. दुर्बीण टाकली तर ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे, साधारण एक सेंटिमीटरचा अल्सर. रक्त तोवर आपोआप थांबलेलं होतं. जंतूची तपासणी निगेटिव्ह आली.

आता घरी आहेत. चिठ्ठीवर पॅन्टोप्राझोल ४० सकाळ-संध्याकाळ, सुक्राल्फेटचं सिरप १० मिली तीनदा आणि लोहाची गोळी आहे. थायरॉइडची गोळी जुनीच आहे, सकाळी उठल्या उठल्या घेतात.

बाबा सिरप घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, "अ‍ॅसिडची गोळी खाऊन राहिलो ना, मग हा चुना काहून पाजता?" डॉक्टरांकडे गर्दी इतकी होती की नीट विचारता आलं नाही. मला मनापासून समजून घ्यायचं आहे की हे सिरप नेमकं करतं काय. ते नाही घेतलं तर चालेल का? आणि एवढी सगळी औषधं रिकाम्या पोटी घ्यायची तर दिवसात बसवायची कशी? दुखणं आता थांबलंय, त्यामुळे ते सगळंच बंद करायला निघाले आहेत.

---

मंदाताई, धरमपेठ

रश्मी, काळजी करू नको गं. आमच्या यजमानांनाही असंच झालं होतं. थंड दूध थोडं थोडं देत जा, आणि ज्येष्ठमधाची पूड मधातून. पोटाला फार आराम पडतो. तर्री पोहे आणि सावजी मात्र एकदम बंद.

---

निवृत्त फार्मासिस्ट, महाल

रश्मीताई, वडील सावरताहेत हे वाचून बरं वाटलं. मी सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीवर नोकरी केली. तिथे लोक औषध न्यायचे, पण ते कधी घ्यायचं हे विचारायला थांबायचे नाहीत, कारण मागे रांग लागलेली असायची. सुक्राल्फेट हे असं औषध आहे की वेळ चुकली तर बाटली अर्धीअधिक वाया जाते. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वडिलांना वाचून दाखवा.

आधी एक गोष्ट. जठरातलं आम्ल फार तीव्र असतं, पीएच १ ते २ पर्यंत उतरतो. मटणाचा तुकडा विरघळवणारं हे आम्ल जठराला स्वतःला खात नाही, कारण आतल्या अस्तरावर चिकट बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि त्या थरात अस्तराच्या पेशी बायकार्बोनेट सोडत असतात. म्हणून पोकळीत पीएच २ असला तरी पेशीला लागून तो ७ च्या आसपास असतो. शिवाय अस्तराला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि पेशी काही दिवसांतच बदलल्या जातात. बारीकसारीक ओरखडा पडला तर शेजारच्या पेशी सरकून काही तासांत तो झाकूनही टाकतात.

हा सगळा बंदोबस्त ज्याच्या हुकमावर चालतो ते म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, शरीर स्वतःच बनवतं ते रसायन. डायक्लोफेनॅक नेमकं तेच बनणं बंद करतं. गुडघ्यात बंद केलं म्हणून सूज उतरते, पण जठरातही बंद होतं, म्हणून अस्तर उघडं पडतं. गोळी पोटात जाऊन टोचते असं पुष्कळांना वाटतं आणि मग ते म्हणतात, इंजेक्शन घेतो म्हणजे पोटाला लागणार नाही. हे खरं नाही. औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. इंजेक्शनने, गुदद्वारातून घ्यायच्या गोळीनेही अल्सर होतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण गुडघे दुखले की वडील आता इंजेक्शनकडे वळण्याची शक्यता आहे.

अल्सर झाला म्हणजे ओरखडा राहिला नाही. अस्तर आणि त्याखालची स्नायूची पातळ पट्टी, दोन्ही फोडून खड्डा खोल गेलेला असतो. तिथे पेशी नुसत्या सरकून भागत नाही. आधी खड्ड्याच्या तळाशी नवं मऊ मांस भरावं लागतं, त्यात नव्या बारीक रक्तवाहिन्या शिराव्या लागतात, आणि मग कडेच्या पेशी हळूहळू आत सरकत वरून नवं अस्तर घालतात. याला आठवडे लागतात. ड्युओडेनमच्या अल्सरला सहसा चारेक आठवडे, जठरातल्याला आठपर्यंत. आणि हे काम कोणतंही औषध करत नाही, शरीरच करतं. आपल्याकडे सिमेंटचा रस्ता टाकला की बॅरिकेड लावून गाड्या अडवतात ना, तसं समजा: काँक्रीट आपल्या वेळेनेच घट्ट होतं, बॅरिकेड फक्त वर्दळ लांब ठेवतं. बॅरिकेड लवकर काढलं तर वरून चांगला दिसणारा रस्ताही खचतो.

हे लांब ठेवण्याचं काम दोन वाटांनी होतं. पॅन्टोप्राझोल आम्ल तयार होणंच कमी करतं. सुक्राल्फेट आम्लाला हातही लावत नाही म्हटलं तरी चालेल, ते जखम झाकतं.

कसं झाकतं ते सांगतो. सुक्राल्फेट म्हणजे आपल्या रोजच्या साखरेच्या रेणूला सल्फेट आणि अ‍ॅल्युमिनियम जोडून केलेला पदार्थ. जपानच्या चुगाई कंपनीने तो १९६८ मध्ये बाजारात आणला, अमेरिकेत १९८१ मध्ये परवानगी मिळाली. पोटात आम्लाशी गाठ पडली की त्याचा चिकट, घट्ट लगदा होतो. अल्सरच्या तळातून प्रथिनं झिरपत असतात, त्यांच्यावर धन विद्युतभार असतो, आणि या लगद्यावर ऋण. त्यामुळे तो निरोगी अस्तरापेक्षा जखमेलाच जास्त धरून बसतो आणि सहा तासांपर्यंत टिकतो. त्याच्याखाली आम्ल पोचत नाही, प्रथिनं पचवणारं पेप्सिन पोचत नाही, आतड्यातून उलट येणारं पित्तही अडतं. शिवाय जखम भरायला लागणारे जे वाढीचे घटक शरीर सोडतं ते जखमेपाशी धरून ठेवायला आणि तिथलं प्रोस्टाग्लँडिन वाढवायलाही ते मदत करतं. रक्तात जवळपास शोषलं जात नाही, जे काही करतं ते जागेवर.

आता तुमचा खरा प्रश्न: नाही घेतलं तर? वडिलांचा प्रश्न मुळीच चुकीचा नाही. पॅन्टोप्राझोलसारखी औषधं आल्यापासून बहुतेक अल्सर एकट्या त्या गोळीवर भरतात, आणि सोबत सुक्राल्फेट दिल्याने फार मोठा फरक पडतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. उलट एक अडचण अशी की सुक्राल्फेटचा लगदा व्हायला आम्ल लागतं आणि दुसरी गोळी तेच कमी करत असते. म्हणून कित्येक पोटविकारतज्ज्ञ सिरप लिहीत नाहीत. तरी आपल्याकडे ही जोडी सर्रास देतात. ज्याला नुकताच रक्तस्राव होऊन गेला त्याच्या बाबतीत डॉक्टर जास्तीची काळजी घेत असतील तर मला ते समजतं. तर माझं म्हणणं असं, की पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा, सिरप ठेवायचं का. तोवर द्या. आणि काही झालं तरी पॅन्टोप्राझोलचा एकही डोस चुकू देऊ नका, मुख्य भार त्याच्यावर आहे. दुखणं थांबणं म्हणजे भरणं नव्हे. आम्ल कमी झालं की दुखणं पहिल्या काही दिवसांतच थांबतं, खड्डा तसाच असतो.

आणि थायरॉइडची गोळी! हे तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलं, कारण बहुतेक लोक जुनी औषधं सांगतच नाहीत. सुक्राल्फेट थायरॉक्सिनला पोटातच बांधून ठेवतं, मग ती शोषली जात नाही. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक, फिटची फेनिटॉइन, हृदयाची डिगॉक्सिन यांच्याशीही ते असंच वागतं, तिथे दोन तास तरी मध्ये ठेवावेत. लोहाच्या गोळीलाही अंतर ठेवलेलं बरं.

वडिलांचा दिवस मी असा बसवला असता. सकाळी सहाला थायरॉइड. साडेसातला पॅन्टोप्राझोल आणि आठला नाश्ता, कारण ही गोळी खाण्याच्या अर्धा तास आधीच नीट काम करते. साडेअकराला सिरप, एक वाजता जेवण. लोहाची गोळी दुपारी दोन-अडीचला. संध्याकाळचा चहा चारला उरकून सहाला पुन्हा सिरप. आठला दुसरी पॅन्टोप्राझोल, साडेआठला जेवण. रात्री अकराला, झोपताना, तिसरं सिरप. हा शेवटचा डोस सोडू नका. त्यांना दोन-अडीचला दुखायचं ना, पोट रिकामं आणि आम्ल सुरू, ती वेळ याने झाकली जाते. बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवा, औषध तळाशी बसतं आणि वरचं पाणीच चमच्यात येतं. सिरपवर लगेच चहा-बिस्कीट नको. लगदा जेवणातल्या प्रथिनांना चिकटला तर जखमेला काय उरणार. हे वेळापत्रक डॉक्टरांना किंवा तिथल्या फार्मासिस्टला एकदा दाखवून घ्या.

सिरपने पोट घट्ट होतं, लोहाच्या गोळीने आणखी. पाणी, पालेभाजी वाढवा.

मंदाताई, तुमचा सल्ला मायेपोटी आहे, पण दोन गोष्टी सांगतो. दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग त्यातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने आम्ल आणखी सुटतं. चहात, भातासोबत दूध असू द्या, पण औषध म्हणून दर तासाला नको. ज्येष्ठमधाचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे, इतकं की १९६० च्या दशकात त्याच्यापासूनच कार्बेनॉक्सोलोन नावाचं अल्सरचं औषध ब्रिटनमध्ये आलं आणि ते चालायचंही. पण त्याने शरीरात मीठ-पाणी साठायचं, पोटॅशियम उतरायचं, बीपी चढायचं. म्हणून ते मागे पडलं. पूड रोज घेतली तर हाच धोका आहे, आणि ६८ व्या वर्षी बीपीशी खेळू नये. सावजीने आणि तर्रीने अल्सर होत नाही. झालेल्या जखमेवर तिखट झोंबत असेल तर तेवढे दिवस थांबा, इतकंच. वडील बिडी ओढत असतील तर मात्र आजपासून बंद. बिडी-सिगारेटने अल्सर भरायला उशीर होतो आणि तो पुन्हा उद्भवतो, हे पक्कं माहीत आहे. खर्रा खात असले तरी निकोटिन रक्तात जातंच.

---

रश्मी, मानेवाडा

काका, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. इतकं कोणी समजावलंच नव्हतं. बाबांना संपूर्ण वाचून दाखवलं. काँक्रीटचं लगेच पटलं, "क्युरिंग होईस्तोवर गाडी नाही घालत" म्हणाले आणि सिरप घेतलं. बिडी नाही, पण खर्रा आहे. आई त्याच्या मागे लागली आहे.

दोन शंका. लोहाच्या गोळीने संडास काळीच होते म्हणतात, मग पुन्हा रक्त गेलं तर ओळखायचं कसं? आणि गुडघ्यांचं काय करायचं? ते तर दुखतातच.

---

तुषार, हिंगणा

रश्मीताईंच्या प्रश्नात माझाही घालतो. माझ्या मावशीला संधिवात आहे. तिला डायक्लोफेनॅक आणि मिसोप्रोस्टॉल एकत्र असलेली गोळी लिहून दिली होती. दुकानात गेलो तर दुकानदार माझ्याकडे संशयाने पाहत होता, दोनदा चिठ्ठी मागितली. हे पोटाचं औषध आहे ना? बहिणीला सहावा महिना सुरू आहे आणि ती माहेरी याच घरात आहे, म्हणून विचारतो.

---

निवृत्त फार्मासिस्ट, महाल

तुषार, आधी तुझं, कारण ते तातडीचं आहे. ती स्ट्रिप आजच वेगळ्या डब्यात, मावशीच्या नावाने, कपाटात वर ठेव. मिसोप्रोस्टॉल म्हणजे प्रयोगशाळेत केलेलं प्रोस्टाग्लँडिन. डायक्लोफेनॅकने जे काढून घेतलं ते ही गोळी जठराला परत देते. श्लेष्मा वाढतो, बायकार्बोनेट वाढतं, रक्तपुरवठा टिकतो, आम्लही थोडं उतरतं. पण प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयालाही आकुंचन पावायला लावतं. गरोदर बाईने घेतली तर गर्भपात, रक्तस्राव होऊ शकतो. म्हणूनच दुकानदार चिठ्ठी मागतो, आणि त्याने मागितलीच पाहिजे. बहिणीला डोकं दुखलं, पाय दुखले तर "मावशीची दुखण्याची गोळी घे" असं घरात कोणी सहज म्हणू नये, एवढं सगळ्यांना सांगून ठेव. डायक्लोफेनॅकही तिला नकोच. मावशीला जुलाब, पोटात मुरडा आला तर ते या औषधाने असू शकतं. डॉक्टरांना कळवा, त्याऐवजी पॅन्टोप्राझोल जोडीला देता येतं.

या वाटेचा शोध कसा लागला तेही सांगण्यासारखं आहे. १९७९ मध्ये आंद्रे रॉबेर या संशोधकाने उंदरांना आधी थोडं प्रोस्टाग्लँडिन देऊन मग शुद्ध अल्कोहोल पाजलं. एरवी त्याने अस्तर जळून जायचं, ते शाबूत राहिलं. मात्रा इतकी कमी होती की आम्ल घटलेलंही नव्हतं. तोवर सगळ्यांचं लक्ष आम्लावर होतं. अस्तराची स्वतःची ताकद वाढवूनही वाचवता येतं, हे तिथे दिसलं.

रश्मीताई, लोहाने संडास काळपट, हिरवट काळी होते, पण बांधलेली असते. रक्ताची असते ती चकचकीत, चिकट, पातळसर आणि वास असा की लपत नाही. सोबत चक्कर, घाम, छातीत धडधड असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चुऱ्यासारखं काही पडलं, किंवा पोट अचानक कडक होऊन असह्य दुखलं, तर थेट दवाखाना. रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही. पुढे कधी बिस्मथ असलेलं औषध मिळालं तर त्यानेही संडास आणि जीभ काळी होते, तेव्हा घाबरू नका.

बिस्मथवरून तुमच्या त्या निगेटिव्ह रिपोर्टकडे येतो, मघाशी राहून गेलं होतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू जठराच्या श्लेष्मात राहतो आणि अल्सरचं दुसरं मोठं कारण तोच आहे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ते दाखवून दिलं. कोणी विश्वास ठेवेना तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतःच पिऊन जठराची सूज ओढवून घेतली, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मुद्दा असा की ताजा रक्तस्राव असताना किंवा पॅन्टोप्राझोल सुरू असताना केलेली तपासणी जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना विचारा की कोर्स संपल्यावर, ती गोळी दोन आठवडे थांबवून, श्वासाची किंवा संडासची तपासणी पुन्हा करायची का. गोळी त्यांच्या सांगण्याशिवाय थांबवू नका. जंतू निघाला तर साधारण १४ दिवस अँटिबायोटिक लागतात. बिस्मथ त्याच उपचारात वापरतात, कारण ते सुक्राल्फेटसारखं जखमेवर बसतंही आणि जंतूलाही मारतं. जंतू राहू दिला तर नुसतं झाकून भरलेला अल्सर पुन्हा फुटतो.

गुडघ्यांसाठी पॅरासिटामोल, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. वरून चोळायचं जेल रक्तात फार कमी जातं, तेही विचारा. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपीवाल्यांकडून शिकून घ्या, त्याने खरंच भार कमी होतो. संधिवाताच्या नावाने मिळणाऱ्या बेनावी पुड्या घेऊ नका, काहींत दुखण्याच्या गोळ्या किंवा स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. आणि वडिलांना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन सुरू असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. ते स्वतःहून बंदही करायचं नाही आणि न सांगता सुरूही ठेवायचं नाही.

---

अनघा, सक्करदरा

मी बरेच दिवस हा धागा वाचून राहिले होते. माझ्या सासूबाई डायलिसिसवर आहेत आणि त्यांच्या जठरात अल्सर निघाला आहे. शेजारणीने तिच्याकडचं उरलेलं सुक्राल्फेट आणून दिलंय. देऊ का? आणि आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण सांगितली आहे. सासूबाई घाबरतात, रश्मीच्या बाबांसारखं नुसत्या औषधांवर भागणार नाही का?

---

निवृत्त फार्मासिस्ट, महाल

अनघाताई, देऊ नका. सुक्राल्फेटमधलं जे थोडं अ‍ॅल्युमिनियम रक्तात जातं ते निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं. डायलिसिसवरच्या माणसात ते साठत जातं आणि हाडांवर, मेंदूवर परिणाम करतं. अ‍ॅल्युमिनियम असलेली गुलाबी-पांढरी अँटासिडची सिरपंही त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. त्या डॉक्टरांना अल्सरचं आणि पोटाच्या डॉक्टरांना डायलिसिसचं, दोन्हीकडे सांगा. मधल्या मध्ये असं काही सुटून जातं.

दुर्बीण मात्र करून घ्या. ड्युओडेनमचा अल्सर सहसा साधाच असतो, म्हणून तिथे बऱ्याचदा पुन्हा बघावं लागत नाही. जठरातला कधी कधी कर्करोग असतो आणि अल्सरसारखा दिसतो. आम्ल कमी केलं की तोही काही काळ भरल्यासारखा वाटतो, दुखणंही थांबतं. म्हणून पूर्ण भरला का ते डोळ्यांनी बघतात, आणि भरला नसेल तर कडेचे तुकडे घेऊन तपासतात. सासूबाईंना सांगा, घशाला बधिर करणारं औषध मारतात, गरज पडली तर झोपेचं इंजेक्शनही देतात, आणि आतलं बघणं काही मिनिटांत होतं. जाताना आदल्या वेळचा रिपोर्ट आणि तुकड्याच्या तपासणीचा कागद, दोन्ही सोबत न्या.